थांबल्यावर ओरडणारा ट्रक : एका नायट्रो आरसी गाडीच्या आवाजाचा तपास

बेळगाव परिसरात नायट्रो गाड्या, म्हणजे खऱ्या इंजिनावर पळणाऱ्या रिमोटच्या (आरसी) छोट्या गाड्या, चालवणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके आहोत. इथे हॉबीचं दुकान नाही, त्यामुळे गाडी बिघडली की आपापसांतच निस्तरावं लागतं. हे प्रकरण त्यातलंच. गाडीमालकाच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, बाकी घडलं तसं आहे. तपासात मी दुसऱ्या आठवड्यापासून होतो. त्याआधीचं मालकाच्या तोंडून ऐकलेलं आणि त्याच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंवरून जुळवलेलं आहे.

पार्श्वभूमी

मालक खानापूर तालुक्यातला पंचविशीतला तरुण. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टवर जातो, राहतो वडगावला मामांकडे. मामा आयुष्यभर उद्यमबागेतच लेथवर उभे राहिलेले टर्नर, आता निवृत्त.

गाडी म्हणजे एक दशांश मापाचा, चारही चाकांना ओढ असलेला मॉन्स्टर ट्रक. इंजिन ०.१८ घनइंचाचं, म्हणजे जेमतेम ३ सीसीचं दोन-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचं. गिअर एकच. इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाचं मिश्रण, त्याच्याकडे २० टक्के नायट्रोवालं होतं. हे इंधन विषारी असतं, कातडीतूनही अंगात भिनतं, आणि उन्हात पेटलं तर ज्योत दिसत नाही. म्हणून हातमोजे घालून, मोकळ्यावरच काम करायचं. पुढे ‘इंजिन चालू केलं’ असं जिथे जिथे म्हटलंय, तिथे हे गृहीत धरा.

गाडी त्याने मडगावच्या एका माणसाकडून जुनी घेतली. तिथे समुद्राकाठच्या मैदानावर समोर चालवून बघितली होती, चांगली पळत होती. चोर्ला घाटाने बेळगावला आणल्यावर दोन दिवसांत तिची एक सवय लक्षात आली. थ्रॉटल सोडला की इंजिन गुरगुरत बंद पडायचं. त्याने आयडलचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरच्या वेगाचा, स्क्रू थोडा आत घेतला आणि इंजिन टिकायला लागलं. हा भाग त्याने आम्हाला पहिल्यांदा सांगितलाच नव्हता. त्याच्या लेखी ती अडचण सुटलेली होती, मग सांगायचं कशाला? प्रकरणाचं मूळ मात्र तिथेच होतं.

गाडी चालायची मच्छेच्या बाजूच्या माळावर आणि सुट्टीत गावी, भातकापणी झालेल्या शेतात. खानापूरकडची माती कौलांची, कुंभारकामाची आहे. वाळली की पिठासारखी उडते आणि तेलकट पृष्ठभाग दिसला की तिथे लाल लेप होऊन बसते. नायट्रो गाडी तर सगळीच तेलकट असते.

आवाज

महिनाभराने आवाज सुरू झाला. ‘किर्रर्र... चिर-चिर-चिर... किर्रर्र’ असा, मध्येच तुटणारा, कोरड्या रहाटासारखा. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही, गाडी तापली की सुरू. मालकाने मला पाठवलेल्या व्हिडिओखाली एवढंच लिहिलं होतं, ‘सर, गिअरमधून आवाज येऊलाय.’

हे वाक्य नीट बघा. त्यात निरीक्षण आणि निष्कर्ष एकाच दमात आले आहेत. आवाज येतोय हे निरीक्षण, गिअरमधून येतोय हा निष्कर्ष, आणि तो त्याने गाडी उघडण्याआधीच काढला होता. मीही तो मान्य केला. नायट्रो गाडीत स्पर गिअर (चाकांकडे ओढ नेणारं मोठं दातेरी चाक) प्लॅस्टिकचा असतो, त्याला फिरवणाऱ्या क्लच बेलचे दात स्टीलचे. मेश, म्हणजे दात एकमेकांत बसण्याची पकड, सैल किंवा घट्ट झाली की पहिला बळी स्परचाच जातो. दहातल्या सात वेळा असंच निघतं, म्हणून मला शंकाही आली नाही.

पहिला प्रयत्न आणि फसवी शांतता

स्पर काढला तर दात खरोखरच गोल झालेले होते. बेंगळुरूहून नवा मागवला. तो आल्यावर एका रविवारी त्याने तीन कामं एकदम केली. स्पर बदलला. वहीच्या कागदाची पट्टी बेल आणि स्परच्या दातांत धरून मेश बसवली. पट्टी बाहेर आल्यावर तिच्यावर घड्या पडायला हव्यात, ती फाटता कामा नये. तशीच आली. आणि शेवटी गाडीचा सगळा मागचा भाग गंज सोडवायच्या स्प्रेने धुऊन काढला.

गाडी चालू केली, आवाज गेला होता. अख्खी टाकी शांतपणे संपली. त्याने मला फोन करून सांगितलं, मीही त्याचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या टाकीला आवाज परत आला. तिसऱ्या टाकीनंतर नव्या स्परचे दात जुन्याच्या वाटेला लागलेले दिसले.

निर्णयाची पहिली जागा इथे होती. तीन बदल एकदम केल्यामुळे आवाज कशाने गेला ते कळायचा मार्गच बंद झाला. स्परने गेला असता तर परत आला नसता. मेशने गेला असता तर मेश हललेली दिसली असती, पण इंजिनाचे स्क्रू जागच्या जागी घट्ट होते. राहिला स्प्रे. स्प्रेतलं पातळ तेल कुठल्या तरी कोरड्या बेरिंगमध्ये शिरलं, काही मिनिटं टिकलं आणि उडून गेलं. म्हणजे नकळत आम्हाला उत्तर मिळालं होतं की दुखणं कोरड्या बेरिंगचं आहे. पण ते वाचायला त्या वेळी कोणी बसलं नाही. त्यातून आमचा विचार उलट दिशेला गेला : नव्या स्परनेही भागत नसेल तर इंजिनच गेलं असणार.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर चार सल्ले गोळा झाले होते.

मालकाचा एक मित्र मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये काम करतो, जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या कोळून प्यायलेला. त्याने थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवलं. वरच्या टोकाला पिस्टन घट्ट अडकला आणि ‘चूं’ असा आवाज झाला. ‘पिस्टन धरूलाय. कनेक्टिंग रॉड पण गेला असणार. खोल,’ असं त्याचं म्हणणं. मोठ्या गाडीच्या हिशेबाने ते चूक नव्हतं. पण या छोट्या इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी लायनर, आणि ती लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती केलेली असते. तापल्यावर पितळ जास्त फुगतं आणि फिटिंग बरोबर जमून येतं. म्हणून थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागणं आणि चिरकणं हे निरोगी इंजिनाचं लक्षण आहे. ते चिरकणं बंद झालं तर काळजी करायची.

दुसरा सल्ला मिश्रणाचा, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या नीडलच्या स्क्रूचा. ‘इंजिन लीन चालतंय, म्हणून आतून वाजतंय, नीडल उघड.’ लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी मिळणारं इंजिन जास्त तापतं, म्हणून तापमान मोजायचं ठरलं. घरात करोनाकाळातली कपाळावर धरायची बंदूक होती. ती माणसाच्या तापापुरती असते, इंजिनासमोर धरल्यावर ‘हाय’ दाखवून गप्प बसली. मग कारखान्यातल्या ओळखीने फाउंड्रीतली इन्फ्रारेड बंदूक एका संध्याकाळपुरती मिळाली. ग्लो प्लगच्या, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या प्लगच्या जवळ ९८ अंश. म्हणजे इंजिन तापत नव्हतंच, उलट जरा थंडच होतं. थंड चालणाऱ्या नायट्रो इंजिनाचं मिश्रण बहुतेक वेळा रिच, म्हणजे इंधन जास्त असलेलं असतं. हा आकडा आम्ही ‘लीन नाही ना, झालं’ एवढ्यावर सोडून दिला. तोही पुढे उपयोगी पडला.

तिसरा संशय दोरीच्या स्टार्टरमधल्या वन-वे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या बेरिंगवर. इंजिन चालू झालं की त्याच्यात दांडा सतत फिरत असतो, कोरडं पडलं की ते ओरडतं. हा संशय मला सगळ्यात जास्त पटला होता.

चौथा मार्ग म्हणजे गाडी पुण्याला कोणाकडे तरी पाठवून मोकळं व्हायचं. खर्च आणि वेळ दोन्ही गेले असते. शिवाय इंधनाचा अंश असलेली गाडी पार्सलने पाठवायची नाही, टाकी आणि नळ्या पूर्ण कोरड्या करूनच द्यायची. मालकाला हे नको होतं.

इंजिन उघडायचं की नाही, हा सगळ्यात जड निर्णय होता. मी हट्टाने नको म्हटलं. लायनर एकदा बाहेर निघाली आणि खाचेत बसताना तिरकी झाली, किंवा पिस्टन उलटा बसला, की ती जोडी पूर्वीसारखी जमेलच याची खात्री नाही. त्याऐवजी न उघडता करायची परीक्षा केली. ग्लो प्लग काढला. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा अलीकडे, जिथे धरायला लागतो तिथे आणला. मग फ्लायव्हील मागे-पुढे अगदी थोडं हलवून बघितलं. रॉडचं भोक घासलं असेल तर पिस्टन न हलता फ्लायव्हील ‘टक्-टक्’ हलतं. इथे तसं काही जाणवलं नाही. रॉड संशयातून सुटला.

वडगावच्या अंगणात

त्या रविवारी मी वन-वे बेरिंग बदलायच्या तयारीने वडगावला गेलो. मामा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी नायट्रो गाडी आयुष्यात हातात धरली नव्हती. भाच्याला त्यांनी विचारलं,

‘आवाज कवा येऊलाय रे?’

‘गाडी चालूलीय तवा, मामा.’

‘तसं नव्हं. पळताना, का थांबल्यावर, का पळायला लागताना?’

मालक गप्प झाला. मीही. तीन आठवडे आम्ही ‘कुठून’ एवढंच विचारत होतो.

व्हिडिओ पुन्हा लावले. तिन्ही व्हिडिओंत एकच गोष्ट : गाडी पायाजवळ उभी असताना चिरचिर, निघताना जोराची किर्रर्र, मग लांब गेली की शांत, परत येऊन थांबताना पुन्हा किर्रर्र. मालक म्हणाला, ‘लांब गेल्यावर ऐकू येत नाही की वो, आणि इंजिनाच्या आवाजात दबतंय.’ इतके दिवस मीही तसंच धरलं होतं. मामांनी मोबाइल हातात घेतला आणि एक तुकडा चार वेळा ऐकला. गाडी मध्यम वेगात अगदी मोबाइलसमोरून जात होती. इंजिनाचा सूर स्वच्छ ऐकू येत होता, पण त्यात चिरचिर नव्हती. त्याच अंतरावर थांबायला लागली तशी ती आली.

मग त्यांनी मला क्लच समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं. इंजिनाच्या दांड्यावर फ्लायव्हील, त्यावर शू. वेग वाढला की शू बाहेर फेकले जातात आणि बेलला आतून धरतात. बेल दोन छोट्या बेरिंगवर त्याच दांड्याच्या टोकाला बसलेली असते आणि तिचे दात स्परला फिरवतात.

मामांनी विचारलं, ‘शूनं बेल धरली, की दांडा आणि बेल बरोबर फिरतात. व्हय का नाही?’

‘हो.’

‘मग तवा त्या बेरिंगला काम काय?’

दहा वर्षं मी क्लच खोलतोय आणि जोडतोय, पण या बाजूने कधी बघितलं नव्हतं. क्लच पूर्ण पकडला की बेल, दांडा आणि दोन्ही बेरिंग एक तुकडा होऊन फिरतात. बेरिंगच्या आतली आणि बाहेरची कडी एकाच वेगाने फिरतात, गोळ्यांना लोळायला काही राहत नाही. बेरिंगला काम असतं ते गाडी उभी असताना, म्हणजे दांडा फिरतोय आणि बेल थांबलीय तेव्हा, आणि क्लच घसरत असताना. म्हणजे निघताना आणि थांबताना. आवाज नेमका तेव्हाच येत होता.

गिअरचा आवाज असता तर चाकं फिरताना वाढला असता. कनेक्टिंग रॉडचा असता तर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत गेला असता. डिफचा (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा) असता तर वळणावर बदलला असता. पूर्ण पकड बसल्यावर गप्प बसणारी जागा एकच उरत होती.

वन-वे बेरिंगचा माझा संशयही या कसोटीवर पडला. ते इंजिन चालू असेपर्यंत फिरतंच, वेगात तर जास्तच. पण आवाजात दबण्याचा मुद्दा अजून पूर्ण मिटला नव्हता, म्हणून दोघांना वेगळं करणारी परीक्षा हवी होती. ती इंजिन बंद ठेवून करता येते. चाक हाताने फिरवलं की स्पर फिरतो, स्पर बेलला फिरवतो, दांडा मात्र जागेवर राहतो. म्हणजे बेलचं बेरिंग चालतं आणि वन-वे बेरिंग स्थिर राहतं.

मालक म्हणाला, ‘ते मी पहिल्याच दिवशी केलंय. गाडी उचलून चाक फिरवलं, काही आवाज नाही.’

त्याने करून दाखवलं. मागचं उजवं चाक फिरवलं, डावं चाक उलटं फिरलं. आवाज खरंच नव्हता. मी स्परकडे बघितलं, तो हललासुद्धा नव्हता. डिफ उघडं असलं की एक चाक फिरवल्यावर समोरचं उलट फिरून मोकळं होतं, आणि मधल्या गिअरपर्यंत काही पोचतच नाही. त्याने पहिल्या दिवशी फक्त डिफ तपासलं होतं आणि सगळी ट्रान्समिशन चांगली आहे असा शिक्का मारला होता. या प्रकरणातला सगळ्यात महागडा गैरसमज हाच. तीन आठवड्यांचा रस्ता त्यानेच बंद केला.

मी डावं चाक घट्ट धरलं, त्याने उजवं जोरात फिरवलं. आता स्पर फिरला, पुढची चाकंही फिरली. मामांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या माउंटवर टेकवून मूठ कानाला लावली. मग काही न बोलता स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे दिला. आत खरखर होती, जात्यात खडा आल्यासारखी.

उघडल्यावर

दांड्याच्या टोकाचा स्क्रू काढून बेल उतरवली. बाहेरच्या बाजूचं बेरिंग जड होतं, पण शाबूत होतं. इंजिनाच्या बाजूचं हातात आलं ते तुकड्यांत. पत्र्याची झाकणी गेलेली, आतली जाळी फुटलेली, गोळ्या एका बाजूला गोळा झालेल्या आणि ग्रीसच्या जागी काळपट तांबडी पूड. अशा बेरिंगवर बेल सरळ राहूच शकत नाही. ती डगमगत फिरत होती, एका ठिकाणी मेश घट्ट आणि अर्ध्या फेऱ्यानंतर सैल. दोन्ही स्परचे दात का खाल्ले गेले ते तिथे कळलं. कागदाची पट्टी गाडी थांबलेली असताना त्या एका जागेपुरतं खरं बोलत होती.

मी बेरिंगकडे बघत होतो. मामा बेलकडे. आतली कडा निळी पडली होती. ‘हे फिकट पिवळं असतं तर सव्वादोनशे म्हटलं असतं. निळं म्हणजे ३०० अंशांच्या घरात गेलंय,’ ते म्हणाले. लेथवर चिपचा रंग बघून तापमान ओळखणाऱ्या माणसाचं वाक्य. इंजिनाचं डोकं ९८ अंशांवर आणि क्लच ३०० वर! इतकी उष्णता इंजिनातून येणं शक्य नव्हतं. ती घर्षणाची होती. शू सतत घासत होते.

निर्णयाची ही दुसरी मोठी जागा. बेरिंग सापडलं होतं. ते बदलून घरी जाता आलं असतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं असतं. मामांच्या निळ्या कडेमुळे आम्ही थांबलो. मी मालकाला विचारलं, ‘गाडी उभी असताना चाकं फिरायला बघतात का?’

‘बघायची. म्हणून मी रिमोटवर ब्रेकचा ट्रिम थोडा दिलाय, ब्रेक जरा धरूनच राहतो. आता उभी राहते.’

‘आयडल वाढवला होतास?’

तेव्हा मडगाव आणि घाटाची गोष्ट बाहेर आली.

साखळी अशी होती. गाडीचं मिश्रण समुद्रकाठी बसवलेलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथली हवा समुद्रकाठापेक्षा ७ टक्क्यांच्या आसपास विरळ. हवा कमी, इंधन जवळपास तितकंच, म्हणून मिश्रण रिच. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन गुरगुरून बंद पडायचं ते त्यामुळे. उपाय लो-स्पीड नीडल थोडी आत घेऊन कमी वेगावरचं इंधन कमी करण्याचा होता. मालकाने आयडल वाढवला. वाढलेल्या आयडलवर शू बेलला टेकायला लागले, गाडी पुढे सरकायला लागली. ती थांबवायला ब्रेकचा ट्रिम दिला. आता इंजिन ढकलतंय आणि ब्रेक धरतोय, मध्ये क्लच सतत घासतोय. त्या उष्णतेने बेरिंगचं ग्रीस गेलं, कोरड्या बेरिंगमध्ये लाल माती शिरली. पुढचं दिसतंच आहे.

प्रत्येक पायरीवर त्याने समोर दिसणारी अडचण सोडवली होती, आणि प्रत्येक उत्तराने पुढची अडचण जन्माला घातली. यात निष्काळजीपणा नव्हता. तो गाडीकडे रोज लक्ष देत होता.

दुरुस्ती

बेरिंगचं माप ५ × १० × ४ मिलिमीटर, बाजारात एमआर १०५ म्हणून ओळखतात. मालक बेळगावातल्या बेरिंगच्या दुकानात गेला. दुकानदाराने जुनं बेरिंग तळहातावर घेतलं आणि म्हणाला, ‘सिक्स-टू-फाइव्ह ऐती, इदु इल्लरी.’ म्हणजे ६२५ आहे, हे नाही. ६२५ चं भोक ५ चंच, पण बाहेरचा व्यास १६. आपल्या बेलमध्ये ते बसायचं नाही.

मग मामांना हुरूप आला. फॉस्फर ब्राँझची बुश अर्ध्या तासात काढून देतो म्हणाले. जुन्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथही मोकळी होती. उद्यमबागेच्या सावलीत राहिलं की हा मोह फार मोठा असतो, आणि मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. पण बुश म्हटली की तेल आलं, आणि तापल्यावर ते तेल सुटून शूवर जाणार. शू तेलकट झाले की क्लच घसरणार, म्हणजे पुन्हा उष्णता. मामांनी हे ऐकून घेतलं, बेल दोन-तीनदा हातात फिरवली आणि ‘नको मग, बेरिंगच आण’ म्हणाले. चार दिवस थांबून बेंगळुरूहून चार बेरिंग, नवी बेल आणि स्पर मागवले. निळी पडलेल्या बेलचा कडकपणा गेलेला असणार आणि दातही टोकदार झाले होते, म्हणून ती ठेवली नाही.

बेरिंग रबरी सीलची की पत्र्याच्या झाकणाची, यावर माझं आणि मालकाचं दुमत होतं. त्याला मातीची भीती, म्हणून रबर हवं होतं. क्लचच्या उष्णतेत रबर टिकत नाही, म्हणून मी पत्र्याची सुचवली. पत्र्याची घेतली, पण बदल्यात प्रत्येक लिटर इंधनानंतर बेल उतरवून बेरिंग तपासायचं ठरलं.

बेल बसवताना शिम वॉशर लावून दांड्याच्या दिशेने दोन-तीन कागदांइतका प्ले ठेवला. बेल बोटाने मोकळी फिरते आणि किंचित पुढे-मागे होते, एवढं पुरे. मेश या वेळी स्पर फिरवत चार ठिकाणी बघितली, कारण प्लॅस्टिकचा स्पर अगदी गोल कधीच नसतो.

मग मिश्रण. आधी ब्रेकचा ट्रिम शून्यावर आणला, म्हणजे गाडी खरं बोलायला लागली. इंजिन गरम करून लो-स्पीड नीडल एका वेळी आठवा हिस्सा फेरा आत घेतली. प्रत्येक वेळी इंधनाची नळी चिमटीत धरून इंजिन किती वेळाने बंद पडतं ते बघितलं. सुरुवातीला सात-आठ सेकंद गडगडत राहायचं, शेवटी साधारण तीन सेकंदांत वेग किंचित वाढून बंद पडायला लागलं. हाय-स्पीड नीडलही थोडी आत घेतली, पण मागून निळसर धूर दिसत राहील इतपतच. त्यानंतर आयडलचा स्क्रू चाकं पूर्ण थांबेपर्यंत बाहेर काढला. आता इंजिन कमी आयडलवर टिकत होतं.

या सगळ्या वेळात इंजिन एकदाही बेलशिवाय चालू केलं नाही. मालकाने तसं सुचवलं होतं, ‘बेल काढून चालू करू, आवाज गेला तर बेलचाच.’ तर्क बरोबर होता, पण बेल नसताना शूंना बाहेरून अडवणारं काही राहत नाही. वेग वाढला की शू किंवा स्प्रिंग गोळीसारखे बाहेर येतात. ही परीक्षा कोणीही करू नये.

परिणाम

पहिल्या टाकीला आवाज नव्हता, पण एकदा फसल्यामुळे कोणी काही बोललं नाही. या वेळी गाडीवर कुठलाही स्प्रे मारलेला नव्हता. चार टाक्या झाल्यावर डोक्याचं तापमान ११० अंशांच्या आसपास स्थिरावलं. गाडी थांबल्याबरोबर बेलवर बंदूक धरली, ती पूर्वीसारखी रंग बदलण्याच्या आसपासही नव्हती. स्परवर दातांचे ठसे एकसारखे पडले होते.

एक गोष्ट मात्र उरली. फुटलेल्या बेरिंगची आतली कडी दांड्यावर फिरली होती, तिने दांड्यावर खुणा सोडल्या होत्या. मामांनी मायक्रोमीटर लावला. ५ च्या जागी ४.९७. नवं बेरिंग बसतं, पण पूर्वीइतकं घट्ट नाही. तो दांडा बदलायचा तर क्लच नट आणि फ्लायव्हील काढावं लागणार होतं. आत्ता राहू द्यायचं ठरवलं आणि मोजमाप लिहून ठेवलं.

पुन्हा वेळ आली तर

मी पहिला व्हिडिओ बघितला तेव्हाच मालकाला चार प्रश्न विचारायला हवे होते. गाडी उभी असताना आवाज आहे का, निघताना आहे का, मध्यम वेगात आहे का, इंजिन बंद करून ढकलताना आहे का? उत्तरं यायला पाच मिनिटं लागली असती. स्परचे घासलेले दात बघून माझं समाधान झालं, ही माझी चूक. ते दात परिणाम होते. स्पर घासलेला दिसला की तो कशाने घासला हेही बघायचं, निदान बेल हातात धरून हलवून तरी. तेवढ्या हलवण्यानेही हे प्रकरण पहिल्याच दिवशी संपलं असतं.

मालकाला विचारलं तर तो स्प्रेचं सांगतो. आता तो एका वेळी एकच बदल करतो, आणि वहीत तारीख घालून लिहितो : कुठली नीडल किती फेरा, आयडल कुठे, ट्रिम किती. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याकडून नीडलची स्थिती विचारून घ्यायची, आणि ती गाडी कुठल्या गावात चालायची तेही, हे त्याने त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

मामांचं मत जरा वेगळं आहे. त्यांच्या मते ब्रेकचा ट्रिम द्यायला हरकत नव्हती, पण दिल्यावर ‘गाडी का सरकूलीय’ हा प्रश्न तसाच सोडायला नको होता.

गेल्या महिन्यात पहिला लिटर संपला, बेल उतरवली. बेरिंग मऊ फिरत होती, इंजिनाच्या बाजूच्या बेरिंगवर लाल लेप होता, तो पुसला. दांडा पुन्हा मोजला, ४.९७ च. दुसऱ्या लिटरनंतर परत मोजायचा आहे.